छपरावरचं पाणी, पालिकेचे पैसे

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की, आपल्या छपरावर आणि अंगणात पडणारं पावसाचं पाणी जागेवरच थोपवणाऱ्या मालकांना जगातल्या अनेक शहरांच्या पालिका पैसे देतात आणि ते मागायला संकोच करू नये. त्यावर आलेली पत्रं मात्र अगदी तपशिलाची आहेत. टाकी केवढी घ्यायची, वाफा कुठे खणायचा, अर्ज कधी द्यायचा, शेजारी भांडला तर काय करायचं. मला असे प्रश्न आवडतात. माझी सगळी नोकरी पावसाळी गटारांच्या खात्यात झाली आणि अखेरची बरीच वर्षं असल्याच अर्जांच्या छाननीत गेली. म्हणून या वेळी लेखाऐवजी उत्तरंच देते.

प्रश्न : ताई, पालिकेनं स्वतःची गटारं मोठी करावीत. माझ्या खासगी अंगणासाठी ती पैसे का देते? उद्या जागेवर हक्क सांगण्याची ही तयारी तर नाही ना?

उत्तर : जागेवर हक्क सांगत नाही. तुमच्याकडून एक काम करवून घेते आणि त्याचा मोबदला देते. ते काम काय आहे हे नीट कळलं की पुढची सगळी उत्तरं सोपी होतील, म्हणून इथे थोडी थांबते.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमचं छप्पर १०० चौरस मीटरचं असेल आणि तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर छपरावर अडीच हजार लिटर पाणी पडतं. उघड्या मातीवर पडलं असतं तर त्यातलं बरंचसं मुरलं असतं, उरलेलं गवतातून रेंगाळत गेलं असतं. छप्पर, फरशी आणि डांबर त्याला कुठेच थांबू देत नाहीत. काही मिनिटांत ते गटारात उतरतं आणि गल्लीतल्या प्रत्येक घराचं पाणी त्याच वेळी उतरतं. गटार तुंबतं ते वर्षभराच्या पावसानं नव्हे, त्या पंधरा-वीस मिनिटांच्या लोंढ्यानं. हा लोंढा थोडा उशिरा आणि थोडा कमी यावा, एवढंच पालिकेला तुमच्याकडून हवं असतं.

जुन्या शहरांत याला आणखी एक पदर आहे. तिथे घरातलं सांडपाणी आणि रस्त्यावरचं पावसाचं पाणी एकाच नळातून वाहतं. जोराचा पाऊस आला की नळाची क्षमता संपते आणि मैल्यासकट सगळं पाणी प्रक्रिया न होता नदीत जातं. एकट्या अमेरिकेत अशी एकत्र गटारं असलेली सुमारे ७०० शहरं आणि गावं आहेत. फिलाडेल्फियात सुमारे ६० टक्के भागात हीच व्यवस्था आहे. त्या शहरानं नुसते मोठे बोगदे खणत बसण्याऐवजी २०११ मध्ये २५ वर्षांची योजना हाती घेतली आणि पाऊस जिथे पडतो तिथेच थांबवण्यावर भर दिला. पण शहरातली पक्की जमीन बरीचशी खासगी मालकीची असते. पालिका फक्त स्वतःच्या रस्त्यांवर आणि बागांमध्ये काम करत राहिली तर हिशेब पुरा होत नाही. म्हणून मालकांसाठी अनुदान आलं.

अमेरिकेतल्या पोर्टलंडचं उदाहरण मी नेहमी देते, कारण ते सगळ्यांत साधं आहे. १९९३ ते २०११ या काळात तिथल्या पालिकेनं लोकांना सांगितलं, छपरावरून येणारा पावसाळी पाइप गटारापासून तोडा आणि त्याचं तोंड बागेकडे वळवा. स्वतः काम करणाऱ्याला एका पाइपमागे ५३ डॉलर दिले. ५६ हजारांहून अधिक पाइप तुटले आणि वर्षाला सुमारे ४९० कोटी लिटर पाणी एकत्र गटारात जायचं थांबलं. कुणाच्याही अंगणावर पालिकेनं हक्क सांगितला नाही.

बांधून दिलेलं काम तपासायला येण्याचा अधिकार मात्र ती करारात मागते. तो द्यावा. सार्वजनिक पैसा आहे.

प्रश्न : मी २०० लिटरचं पिंप पावसाळी पाइपखाली बसवण्याचं ठरवलं आणि अर्ज केला. मागितलेल्या रकमेचा अगदी छोटा भाग मंजूर झाला. 'पाणी साठवा' असं म्हणणाऱ्यांनीच असं का करावं?

उत्तर : तुमचा राग समजतो. पण आकडे बघा. तुम्ही पत्रात छपराचा जो भाग त्या पाइपला जोडलेला सांगितला आहे तो ५० चौरस मीटर आहे. चार मिलिमीटर पाऊस झाला की २०० लिटर होतात. म्हणजे सरीच्या सुरुवातीलाच पिंप काठोकाठ भरतं आणि खरा लोंढा येतो तेव्हा त्याच्यात एका तांब्याचीही जागा नसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस आला आणि तुम्ही मधल्या वेळात झाडांना पाणी घातलेलं नसेल, कारण पावसाळ्यात कोण घालतं, तर पिंप आधीपासूनच भरलेलं.

इथे तुमचं आणि पालिकेचं हित थोडं वेगळं आहे आणि योजनांच्या पत्रकांत हे सरळ लिहिलेलं मी क्वचितच पाहिलं. तुम्हाला टाकी भरलेली हवी असते, म्हणजे कोरड्या दिवसांत पाणी वापरता येईल. पालिकेला ती पावसाआधी रिकामी हवी असते, म्हणजे लोंढा तिच्यात मावेल. पालिका टाकीला पैसे देत नाही, टाकीतल्या रिकाम्या जागेला देते. अर्ज तपासताना आम्ही शोधत असू तो हाच आकडा, पाऊस सुरू होताना किती लिटर जागा मोकळी असेल.

दोन्ही हितं सांभाळता येतात. मोठ्या टाकीचे मनातल्या मनात दोन मजले करा. खालचा मजला तुमच्या वापराचा. वरच्या मजल्याच्या तळाशी एक बारीक भोक ठेवायचं, त्यातून पाणी सावकाश बागेत किंवा गटारात गळत राहतं आणि एक-दोन दिवसांत वरचा भाग पुन्हा रिकामा होतो. जर्मनीत असल्या टाक्या तयारच मिळतात. त्या भोकापुढे जाळी हवी, कारण एक पान अडकलं की वरचा मजलाही कायमचा भरलेला राहतो. दुसरा मार्ग म्हणजे टाकीतलं पाणी रोजच्या रोज खर्च होईल असा वापर शोधणं. शौचालयाच्या फ्लशला जोडलेली टाकी भर पावसाळ्यातही रिकामी होत राहते, बागेला जोडलेली होत नाही. टोकियोच्या सुमिदा भागात १९८५ साली सुरू झालेल्या सुमो कुस्तीच्या कोकुगिकान सभागृहाखाली १,००० घनमीटरची पावसाच्या पाण्याची टाकी आहे, तिचं पाणी शौचालयांना जातं. हा सखल भाग, अतिवृष्टीत गटारांचं पाणी उलटं फिरून वर येण्याचा त्रास तिथल्या लोकांनी सोसलेला. त्याच सुमिदानं १९९५ मध्ये घरमालकांना टाक्यांसाठी अनुदान सुरू केलं.

आणि तिसरा मार्ग, तुमच्यासाठी सगळ्यांत स्वस्त. पिंप राहू द्या, पण भरल्यावर वाहणारं पाणी पाइपनं एका खोलगट वाफ्यात सोडा. सुधारित अर्जात पिंप आणि वाफा यांची क्षमता एकत्र दाखवा. मंजुरीची रक्कम वाढायला हवी.

प्रश्न : हा खोलगट वाफा किंवा 'पाऊसबाग' म्हणजे नेमकं काय? आमची माती चिकट आहे. चालेल का? डास होणार नाहीत ना?

उत्तर : पाऊसबाग म्हणजे साधारण १५ ते २० सेंटिमीटर खोल, सपाट तळाचा वाफा. छपराचं पाणी त्यात येतं, थोडा वेळ उभं राहतं आणि जमिनीत मुरतं. ओलही सोसतील आणि कोरडंही सोसतील अशी झाडं त्यात लावायची. कमळाचं तळं करायचं नाही, पाणी कायम राहिलं तर बाग फसली असं समजा.

केवढी हवी, तेही लिटरवरूनच ठरतं. ५० चौरस मीटर छप्पर, २५ मिलिमीटर पाऊस, म्हणजे १,२५० लिटर. वाफा १५ सेंटिमीटर खोल असेल तर एका चौरस मीटरमध्ये १५० लिटर मावतात. म्हणजे जवळपास साडेआठ चौरस मीटर जागा लागेल. तेवढी नसेल तर जेवढी आहे तेवढ्याचा हिशेब मांडा. अर्जात छोटी पण खरी संख्या लिहिलेली मला नेहमी पसंत पडे, फुगवलेली पाहणीच्या दिवशीच उघडी पडते.

चिकट मातीबद्दल अंदाजानं बोलू नका, खड्डा खणून बघा. जिथे वाफा करायचा आहे तिथेच, फूटभर खोल. तो पाण्यानं भरा आणि पूर्ण रिता होऊ द्या. हे पहिलं पाणी मोजायचं नाही, कोरडी माती ते हावरटासारखं पिते आणि खोटी आशा दाखवते. मग दुसऱ्यांदा भरा, काठी उभी करून दर तासाला पातळी किती उतरली ते लिहून ठेवा. तासाला १३ मिलिमीटर, म्हणजे साधारण अर्धा इंच उतरली तर बहुतेक योजनांमध्ये जमीन योग्य धरतात. त्या वेगानं १५ सेंटिमीटर पाणी बारा तासांच्या आत जिरतं. तासाला तीनच मिलिमीटर उतरलं तर तेच पाणी दोन दिवसांहून जास्त उभं राहील. अशा जमिनीत खालची माती बदलून वाळू-खत मिसळलेली माती भरायची आणि तळाशी भोकांचा पाइप टाकून तो बाहेर काढायचा. खर्च वाढतो, पण अनुदान देणाऱ्या पालिका हा खर्च साधारणपणे मान्य करतात, फक्त मोजमापाची वही जोडावी लागते.

डासांचं उत्तर याच वेगात आहे. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा लागतो. ४८ तासांत कोरडी होणारी बाग डास तयार करत नाही. उघडं पिंप मात्र करतं, म्हणून पिंपाच्या तोंडावर आणि पाणी वाहून जाण्याच्या पाइपवर बारीक जाळी हवीच.

जागा निवडताना घराच्या पायापासून तीन मीटर तरी लांब राहा. मैल्याची टाकी, तिचा शोषखड्डा आणि जमिनीखालच्या गॅस-विजेच्या ओळी यांच्यावर वाफा खणू नका. मोठ्या झाडाच्या मुळांतही नको. उतार तीव्र असेल तर तिथे मुरवलेलं पाणी खाली कुणाच्या तरी भिंतीतून बाहेर येईल, त्यामुळे जागाच बदला.

प्रश्न : अंगणातली जुनी फरशी काढून पाणी झिरपणारे ब्लॉक बसवून झाले आहेत. ठेकेदार म्हणतो, आता अनुदानासाठी अर्ज करा. मिळेल?

उत्तर : बहुधा नाही. जवळपास सगळ्या योजनांची पहिली अट हीच असते की मंजुरीपत्र हातात येण्यापूर्वी काम सुरू झालेलं नसावं. कारण योग्यही आहे. अनुदानाशिवाय जे काम झालंच असतं त्याला पैसे देण्यात पालिकेचा काही लाभ नाही, आणि आधीची जमीन किती पाणी मुरवत होती हे आता कुणी मोजू शकत नाही. पण निराश होऊ नका. तुमच्याकडे पक्क्या जमिनीवर वार्षिक शुल्क आकारलं जात असेल तर त्यात सूट मागता येते, आणि ती झालेल्या कामावरही मिळू शकते. खाली त्याचंच उत्तर आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या बैठकीत अनुदान, परतावा, शुल्कात सूट, 'क्रेडिट' असे शब्द उडाले आणि कुणालाच फरक सांगता येईना. आम्ही कशाच्या मागे लागावं?

उत्तर : एकरकमी अनुदान आणि परतावा यांतला फरक फक्त पैसे कधी हातात येतात एवढाच आहे, पण तो लहान नाही. परताव्यात आधी खर्च तुमचा, मग काम पाहून पालिका देयकं चुकती करते. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये ठरावीक भागांतल्या घरमालकांना टाकी आणि पाऊसबागेसाठी परतावा मिळतो आणि त्याची रक्कम किती छपराचं पाणी अडवलं त्यावर ठरते. परतावा असेल तर सोसायटीनं मधल्या महिन्यांच्या पैशांची सोय आधी करावी आणि ठेकेदाराशी हप्ते तसे बांधावेत.

शुल्कात सूट हा दीर्घ पल्ल्याचा मार्ग. जर्मनीतल्या शहरांत सांडपाण्याचं शुल्क दोन भागांत आकारतात. एक भाग वापरलेल्या पाण्यावर आणि दुसरा तुमच्या जागेतल्या पक्क्या, गटाराला जोडलेल्या क्षेत्रावर, चौरस मीटरच्या हिशेबानं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात तर २०१० मध्ये न्यायालयानं निकाल दिला की नुसत्या नळाच्या पाण्यावर पावसाच्या पाण्याचं शुल्क लादता येणार नाही, ते वेगळंच मोजलं पाहिजे. मला हा निकाल फार न्याय्य वाटतो. मोठ्या दुकानाचा प्रचंड वाहनतळ नळाचं पाणी जवळजवळ वापरत नाही, पण लोंढा सगळ्यांत मोठा त्याचाच असतो. जुन्या पद्धतीत त्याचा भार छोट्या घरातलं मोठं कुटुंब उचलत होतं. फिलाडेल्फियानंही २०१० पासून व्यावसायिक जागांचं पावसाळी शुल्क जागेच्या क्षेत्राशी आणि तिच्यावरच्या पक्क्या भागाशी जोडायला सुरुवात केली. असं शुल्क जिथे आहे तिथे मोठं छप्पर असलेल्या सोसायटीनं सूट आधी मागावी. अनुदान एकदाच येतं, सूट दर वर्षी.

'क्रेडिट' हा सगळ्यांत नवा प्रकार. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, एक गॅलन पाणी, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास, अडवण्याची क्षमता एका वर्षासाठी राखली की एक क्रेडिट तयार होतं. मोठी बांधकामं करणाऱ्यांवर ठरावीक पाणी अडवण्याचं बंधन आहे आणि ते जागेवर पूर्णपणे जमलं नाही तर ते दुसऱ्याकडून क्रेडिट विकत घेऊ शकतात. ज्यांच्याकडे भरपूर मोकळी जागा आहे, एखादी शाळा किंवा प्रार्थनास्थळ, त्यांना हे जमतं. साठ सदनिकांच्या सोसायटीनं त्यात शिरण्याआधी एक माणूस फक्त त्याच कामाला देता येईल का, ते पाहावं.

एक प्रयोग मला या सगळ्यांहून जास्त मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्याच सिनसिनाटी शहराच्या शेफर्ड क्रीक भागात २००७ आणि २००८ मध्ये घरमालकांना उलट्या लिलावात बोलावलं. पाऊसबाग आणि पिंप फुकट बसवून देऊ, ते आपल्या अंगणात ठेवण्यासाठी तुम्हाला वर किती मोबदला हवा ते सांगा, असा तो लिलाव. ८३ पाऊसबागा आणि १७६ पिंपं बसली. बोलींपैकी अर्ध्याहून अधिक बोली शून्याच्या होत्या. लोकांना पैसे नको होते, कुणीतरी येऊन नीट काम करून द्यावं एवढंच हवं होतं. योजना आखणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यानं हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. अर्जाची पानं कमी करून आणि माहितगार माणूस दारात पाठवून जे साधतं, ते नुसती रक्कम वाढवून साधत नाही.

प्रश्न : एवढं करून पूर थांबतो का? खरं सांगा.

उत्तर : मोठा पूर थांबत नाही. २ जुलै २०११ रोजी कोपनहेगनवर दोन-तीन तासांत काही भागांत १५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. २५ मिलिमीटरसाठी आखलेली बाग अशा वेळी भरून वाहते. त्या शहरानं पुढच्याच वर्षी ढगफुटीसाठी वेगळा आराखडा केला. काही रस्ते मुद्दाम पाणी वाहून नेण्यासाठी आणि काही बागा ते तात्पुरतं धरून ठेवण्यासाठी घडवायचं ठरलं. तिथलं एंगहावे उद्यान आता २२ हजार घनमीटरहून अधिक पाणी सामावू शकतं. ते काम पालिकेचंच, घरमालकाच्या वाफ्यावर ढकलण्याचं नव्हे. तुमच्याकडे कुणी तसं ढकलत असेल तर प्रभागाच्या सभेत उभं राहून विचारा.

पण पाऊस येतो तेव्हा बहुतेक वेळा तो छोटा किंवा मध्यम असतो. गटारातली घाण नदीत जाते ती याच रोजच्या पावसात, पुन्हा पुन्हा. तिथे तुमच्या अंगणाचं काम शंभर टक्के उपयोगी आहे.

प्रश्न : शेजाऱ्यानं पाइप गटारातून काढून बाहेर सोडला. अनुदानही घेतलं. आता त्याचं पाणी आमच्या भिंतीला लागतं. तक्रार कुठे करू?

उत्तर : अनुदान देणाऱ्या खात्याकडेच, लेखी, पावसात काढलेल्या फोटोंसह. पाइप तोडण्याच्या योजनांमध्ये साधारणपणे पाणी स्वतःच्याच हद्दीत मुरवण्याची अट असते. कॅनडातल्या टोरोंटोत २०११ पासून टप्प्याटप्प्यानं पाइप तोडणं सक्तीचंच केलं, पण जिथे त्यामुळे धोका होईल किंवा पाणी मुरवायला जागाच नसेल तिथे सूट मागता येते. त्याआधी एकदा शेजाऱ्याला भर पावसात तुमच्या बाजूनं ती भिंत दाखवा. अनेकदा पाइपला दोन मीटरचा वाढीव तुकडा जोडून आणि जमिनीला भिंतीपासून दूर जाणारा उतार देऊन प्रश्न सुटतो. त्यानं ऐकलं नाही तरच अर्ज.

प्रश्न : घर विकायचं आहे. पाच वर्षांपूर्वी अनुदानातून बांधलेल्या पाऊसबागेचं आणि झिरपत्या ब्लॉकचं काय होतं?

उत्तर : तुमचा करारनामा काढून वाचा. बऱ्याच ठिकाणी देखभालीची जबाबदारी जागेच्या कागदपत्रांवर नोंदवलेली असते आणि ती नव्या मालकाकडे जाते. काही ठिकाणी ठरावीक वर्षांच्या आत काम काढून टाकलं तर अनुदानाचा भाग परत करावा लागतो. घेणाऱ्याला हे व्यवहाराआधी सांगा, करारनाम्याची प्रत द्या आणि सोबत एका पानावर लिहून द्या की कोणता पाइप कुठे जातो, जाळी कुठे आहे, ब्लॉकखाली खडीचा थर किती आहे.

हे पान मी का मागते ते सांगते. चांगली कामं मोडतात ती जवळपास नेहमी मालक बदलल्यावर. नवा माणूस खोलगट वाफा बघतो, त्याला वाटतं जमीन खचली आहे, आणि तो मातीचे दोन ट्रक मागवून ती सपाट करतो. झिरपत्या ब्लॉकच्या फटी त्याला अर्धवट काम वाटतात, तो त्या सिमेंटनं भरून घेतो. त्याचा हेतू वाईट नसतो, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मी पाहणीला जायचे तेव्हा अशा फटी भरलेल्या अंगणात उभं राहून फार वाईट वाटायचं, कारण ते परत उकरायला मूळ कामाएवढाच खर्च येतो.

तोपर्यंत, तुमच्या हाती आहे तोवर : पन्हळी आणि जाळ्या पावसाआधी साफ, पावसाळ्यात मोठ्या सरीनंतर एक नजर. वाफ्यात पाणी शिरतं तिथे साचलेला गाळ फावड्यानं काढा, खोली गाळानंच कमी होते. ब्लॉकच्या फटींतला बारीक कचरा वर्षातून एक-दोनदा ओढून काढायचा, ब्रशनं आत ढकलायचा नाही. त्यांच्यावर वाळूचा किंवा मातीचा ढीग कधीही टाकू नका, बांधकामाच्या दिवसांत तर मुळीच नाही.

प्रश्न : आमची वस्ती सखल भागात आहे. दर पावसाळ्यात पाणी आमच्याच घरांत येतं. घरं छोटी, काही मालकीची, काही भाड्याची. आधी स्वतःचे पैसे घालून नंतर पालिकेकडून परत घेणं आम्हाला शक्यच नाही. या योजना आमच्यासाठी आहेत की नाहीत?

उत्तर : तुमच्यासाठीच असायला हव्यात, आणि बऱ्याच योजना तशा लिहिलेल्या नसतात. परताव्याच्या योजनेत पैसा त्याच भागात जातो जिथल्या लोकांकडे आधी खर्च करायची ऐपत आहे, मोठं अंगण आहे आणि अर्ज भरायला वेळ आहे. वरच्या भागातल्या बंगल्यात सुंदर पाऊसबाग होते, खालच्या गल्लीत पाणी येतच राहतं. छाननीच्या टेबलावर अर्जांचे पत्ते वाचताना मला हे दिसायचं आणि मी ते वरिष्ठांना लिहूनही देत असे. पालिकेनं स्वतःहून सखल वस्त्यांपासून सुरुवात करावी, हे माझं ठाम मत आहे.

पण तुम्ही थांबू नका. एकेकट्यानं अर्ज करू नका, गल्लीचा मिळून एक अर्ज करा. छपरं छोटी असली तरी वीस घरांची मिळून हजार चौरस मीटर होतात, आणि तेवढ्या क्षेत्राचा अर्ज कोणत्याही कचेरीत बाजूला ठेवला जात नाही. भाड्याच्या घरांसाठी मालकाचं संमतिपत्र लागेल, ते आधी गोळा करा. वस्तीतलं मंडळ किंवा महिला गट पुढे करा. पोर्टलंडमध्ये लोकांचे पाइप तोडून देणाऱ्या स्थानिक संस्थांनाही पालिकेनं पाइपमागे पैसे दिले होते, म्हणजे काम आणि मोबदला दोन्ही वस्तीतच राहिले. टोरोंटोनंही सक्ती करताना कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना आणि अपंगांना खर्चासाठी मदत ठेवली. हे दाखले तुमच्या पत्रात लिहा.

पत्रात तीन मागण्या स्पष्ट करा. पालिकेनं ठेकेदाराला थेट पैसे द्यावेत, तुम्ही आधी खर्च करा, नंतर परत देऊ अशा बोलीवर नव्हे. तुमच्या गल्लीच्या वरच्या अंगाला असलेल्या मोठ्या छपरांना आणि वाहनतळांना या योजनेत आधी घ्यावं, कारण तुमच्या घरात येणारं पाणी बरंचसं तिथून निघतं. आणि ज्या घरांत गटाराचं पाणी उलटं वर येतं तिथे एकाच दिशेनं उघडणारी झडप बसवून द्यावी. ही झडप पाऊसबागेच्या यादीत नसते, कधी कधी दुसऱ्याच खात्याकडे असते, म्हणून तिचं नाव वेगळं लिहा.

पत्रासोबत एक नकाशा जोडा, हातानं काढलेला चालेल. कोणत्या घरात पाणी किती उंच चढतं ते भिंतीवरच्या खुणेवरून मोजून प्रत्येक घरापुढे लिहा आणि पाणी कोणत्या बाजूनं येतं तिथे बाण काढा. हा नकाशा मला या सदराच्या पत्त्यावर पाठवलात तर कोणत्या छपरापासून सुरुवात करायची ते मी त्यावर खुणा करून परत पाठवीन.